'रक्ताने' हा एक शब्द : स्टेसी लीड्स आणि चेरोकी राष्ट्राचा न्यायविचार

१

चेरोकी राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायपीठाने ७ मार्च २००६ रोजी लूसी ॲलन विरुद्ध चेरोकी राष्ट्र परिषद या खटल्याचा निकाल दिला. प्रश्न वरकरणी लहान होता. राष्ट्राच्या १९७५ च्या घटनेतील नागरिकत्वाच्या कलमात 'रक्ताने' हा शब्द आहे काय, आणि नसल्यास परिषदेला केवळ कायदा करून तो त्यात आणता येईल काय, एवढेच न्यायपीठाला ठरवावयाचे होते. तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी दिले. बहुमताचे निकालपत्र स्टेसी लीड्स यांनी लिहिले होते. त्या वेळी त्यांनी वयाची पस्तिशी नुकतीच गाठली होती. त्या न्यायपीठावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री आणि तोवरच्या सर्वांत तरुण न्यायाधीश होत्या.

लीड्स यांच्या कारकिर्दीत पुढे बरेच काही घडले. राष्ट्रप्रमुखपदाची निवडणूक, विधी महाविद्यालयांचे अधिष्ठातापद, आदिम जमातींच्या मालमत्तेची व्यवस्था तपासणाऱ्या आयोगाचे सदस्यत्व या तिच्यातील ठळक गोष्टी होत. परंतु या कारकिर्दीचा अर्थ ज्या ठिकाणी स्पष्ट होतो ते ठिकाण म्हणजे हे निकालपत्र. एका लहान राष्ट्राने आपल्या मोठ्या शेजाऱ्यापासून राखलेले सार्वभौमत्व कशावरून ओळखावे? कोणाला बाहेर ठेवावयाचे हे ठरविण्याच्या त्याच्या अधिकारावरून, की स्वतःच्या शासनाला स्वतःच्याच लिखित शब्दाशी बांधून ठेवण्याच्या त्याच्या न्यायालयाच्या सामर्थ्यावरून? लीड्स यांचे उत्तर दुसरे आहे. त्या उत्तराची किंमत त्यांना आणि ज्यांच्या बाजूने निकाल लागला त्यांना पंधरा वर्षे मोजावी लागली. प्रस्तुत निबंधात या उत्तराची पूर्वपीठिका, त्याची मांडणी आणि त्याचे परिणाम यांचा विचार केला आहे.

प्रारंभी परिभाषेविषयी दोन शब्द. 'ट्राइब' या इंग्रजी संज्ञेसाठी मराठीत 'जमात' हा शब्द रूढ आहे. परंतु चेरोकी लोक स्वतःला 'नेशन' म्हणवितात, आणि अमेरिकन संयुक्त संस्थानांनी त्यांच्याशी केलेल्या तहांतही हाच शब्द वापरलेला आहे. म्हणून येथे 'राष्ट्र' ही संज्ञा योजिली आहे. चेरोकींच्या ताब्यातील गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना 'फ्रीडमेन' म्हणतात. त्यांच्यासाठी 'मुक्तजन' हा शब्द वापरला आहे. 'बाय ब्लड' या शब्दप्रयोगाचे 'रक्ताने' हे भाषांतर कानाला खटकते. मराठीत 'रक्ताचे नाते' असते. 'रक्ताने नागरिक' असे कोणी म्हणत नाही. हे खटकणे येथे उपयोगाचे आहे, कारण हा शब्दप्रयोग चेरोकी परंपरेलाही मुळात परकाच होता.

२

अठराव्या शतकातील चेरोकी समाज मातृवंशीय होता. सात कुळे होती आणि मूल आईच्या कुळाचे होई. ज्याला कूळ तो चेरोकी. युद्धात पकडून आणलेल्या परक्या माणसालाही एखाद्या कुळाने स्वीकारले की तो पूर्णार्थाने त्या समाजाचा होई. उलट चेरोकी पुरुष आणि परकी स्त्री यांच्या अपत्याला कूळच नसे. 'रक्त' या कल्पनेचा संबंध तेथे कुळाशी होता. कुळातील माणसाचा वध झाला तर त्याचा बदला घेण्याचे दायित्व त्या कुळावर येई. वंशाचा वर्ण आणि त्याचे अपूर्णांकात मोजलेले प्रमाण हे विचार या व्यवस्थेत नव्हते. थीडा पर्ड्यू यांच्या 'चेरोकी विमेन' (१९९८) या ग्रंथाने या व्यवस्थेतील स्त्रियांचे स्थान आणि त्यात होत गेलेले बदल सविस्तर मांडले आहेत.

स्त्रियांना या समाजात सार्वजनिक आवाज होता. नान्येही, म्हणजेच इंग्रजी कागदपत्रांतील नॅन्सी वॉर्ड, हिला 'प्रिय स्त्री' हा मान मिळालेला होता आणि परिषदेत तिच्या शब्दाला वजन होते. १७८१ मध्ये अमेरिकन प्रतिनिधींशी झालेल्या वाटाघाटीत ती बोलली. १८१७ मध्ये, वृद्धापकाळी, तिने इतर स्त्रियांसह आणखी जमीन देऊ नका असे निवेदन परिषदेला सादर केले. जमिनीवरील आपला हक्क या स्त्रियांनी मातृत्वाच्या नात्याने मांडला होता.

त्याच दशकांत चेरोकी राष्ट्र झपाट्याने लिखित राष्ट्र बनत होते. सिक्वोया याने १८२१ च्या सुमारास चेरोकी भाषेची अक्षरमाला सिद्ध केली. १८२७ मध्ये न्यू इकोटा येथे घटना संमत झाली. फेब्रुवारी १८२८ मध्ये 'चेरोकी फीनिक्स' हे द्वैभाषिक वृत्तपत्र निघाले. जॉर्जिया राज्याच्या आक्रमणापुढे आपण सुसंस्कृत, कायद्याने चालणारे राष्ट्र आहोत हे सिद्ध करण्याचा हा प्रयत्न होता. त्याला कायद्याच्या पातळीवर यशही आले. १८३२ च्या वूस्टर विरुद्ध जॉर्जिया या निकालात संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जियाचे कायदे चेरोकी भूमीवर चालत नाहीत असे सांगितले. तरीही १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार चेरोकींना सैन्याच्या बळावर मिसिसिपीपलीकडे हाकलण्यात आले. त्यांपैकी सुमारे चार हजार दगावले असे सामान्यतः मानले जाते.

परंतु या लिखित राष्ट्रात काही गोष्टी हरवल्याही होत्या. १८२७ च्या घटनेने मताधिकार स्वतंत्र पुरुषांपुरता ठेवला. नागरिकत्व बापाकडूनही मिळू लागले, आणि त्याच वेळी आफ्रिकी वंशाच्या माणसांना ते नाकारण्यात आले. कुळाची जागा वंशाने घेतली. त्याच दस्तऐवजाने स्त्रीला आणि काळ्या माणसाला राज्यव्यवहाराच्या बाहेर ठेवले. पुढे एका चेरोकी स्त्रीनेच मुक्तजनांच्या नागरिकत्वाचा निकाल लिहिला, या घटनेला त्यामुळे एक ऐतिहासिक संगती प्राप्त होते. तथापि ती संगती जितकी सरळ वाटते तितकी नाही, हे पुढे दिसेल.

३

चेरोकी धनिकांकडे गुलाम होते. १८३५ च्या गणनेत पूर्वेकडील चेरोकी राष्ट्रात १,५९२ गुलामांची नोंद आहे. हद्दपारीच्या त्या प्रवासात हे गुलामही होते. ओझी त्यांनीच वाहिली, आणि मेलेल्यांत तेही होते. यादवी युद्धात चेरोकी राष्ट्रात फूट पडली. एका पक्षाने दक्षिणेची बाजू घेतली. संघराज्याच्या बाजूच्या परिषदेने फेब्रुवारी १८६३ मध्ये गुलामगिरी रद्द केली. युद्ध संपल्यावर १८६६ मध्ये संयुक्त संस्थानांशी नवा तह झाला. त्याच्या नवव्या कलमाने मुक्तजनांना व त्यांच्या वंशजांना मूळच्या चेरोकींचे सर्व हक्क मिळतील असे वचन दिले. मात्र त्यासाठी युद्धारंभी तेथे राहत असणे आणि तहानंतर सहा महिन्यांच्या आत परत येणे अशी अट होती. त्याच वर्षी राष्ट्राने आपल्या घटनेतही त्याप्रमाणे दुरुस्ती केली.

या वचनाला तडा गेला तो नामावलीमुळे. सामाईक जमीन व्यक्तींमध्ये वाटून राष्ट्र मोडून काढण्याचे धोरण संयुक्त संस्थानांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंगीकारले. त्यासाठी डॉझ आयोगाने माणसांच्या याद्या केल्या. चेरोकींची यादी एक नव्हती. 'रक्ताने चेरोकी' अशी एक, विवाहाने आलेल्या गोऱ्यांची दुसरी, मुक्तजनांची तिसरी. ज्याच्या चेहऱ्यावर आफ्रिकी वंश दिसे त्याला बहुधा मुक्तजनांच्या यादीत घातले जाई, मग त्याची आजी चेरोकी असली तरी. 'रक्ताने' असलेल्यांच्या नावापुढे रक्ताचे प्रमाण लिहिले जाई. मुक्तजनांच्या नावापुढे तो रकानाच नव्हता. अशा रीतीने बाहेरच्या कारकुनांनी डोळ्यांनी पाहून केलेली विभागणी पुढच्या शतकात वंशाचा पुरावा होऊन बसली. सर्सी स्टर्म यांच्या 'ब्लड पॉलिटिक्स' (२००२) या अभ्यासाचा विषय नेमका हाच आहे.

१८९८ च्या कायद्याने जमातींची न्यायालये बंद झाली. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य अस्तित्वात आले. त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ चेरोकी राष्ट्रप्रमुखाची नेमणूक वॉशिंग्टनहून होत असे. १९७० च्या कायद्याने निवडणुकीची वाट मोकळी झाली, १९७१ मध्ये निवडणूक झाली आणि १९७५ ची घटना पुढील वर्षी लोकांनी स्वीकारली. या घटनेने डॉझ नामावलीच्या आधारे नागरिकत्व सिद्ध करता येईल असे म्हटले. नामावलीतील कोणत्या यादीच्या आधारे, हे तिने सांगितले नाही. या न सांगण्यावरच पुढचा सारा वाद उभा राहिला.

४

नव्या व्यवस्थेत स्त्री पुन्हा राज्यव्यवहाराच्या मध्यभागी आली ती विल्मा मँकिलर यांच्या रूपाने. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये विस्थापित कुटुंबात वाढलेल्या, अल्कात्राझ बेटाच्या चळवळीने घडलेल्या मँकिलर ओक्लाहोमात परतल्या. बेल या गावी लोकांच्या श्रमातून उभ्या राहिलेल्या जलवाहिनीच्या कामामुळे त्या पुढे आल्या. १९८३ मध्ये त्या उपप्रमुख म्हणून निवडून आल्या, १९८५ मध्ये राष्ट्रप्रमुख झाल्या आणि १९९५ पर्यंत त्या पदावर राहिल्या. चेरोकी राष्ट्राच्या त्या पहिल्या स्त्री प्रमुख होत.

मँकिलर यांच्या थोरवीविषयी दुमत नाही. परंतु मुक्तजनांच्या प्रश्नात त्यांच्या शासनाने वेगळी भूमिका घेतली नाही. ज्या १९८३ च्या निवडणुकीत त्या उपप्रमुख झाल्या त्याच निवडणुकीत मुक्तजनांच्या वंशजांना मतदान केंद्रांवरून परत पाठविण्यात आले होते. त्याविरुद्धचा दावा संघराज्याच्या न्यायालयात १९८९ मध्ये फेटाळला गेला. राष्ट्राच्या सार्वभौमत्वामुळे असा दावा बाहेरच्या न्यायालयात चालत नाही, हे त्याचे कारण होते. १९९२ मध्ये नागरिकत्वासाठी रक्ताच्या प्रमाणाचे प्रमाणपत्र आवश्यक करणारा कायदा परिषदेने केला, आणि त्यावर राष्ट्रप्रमुख म्हणून मँकिलर यांची स्वाक्षरी झाली. १८२७ मध्ये वगळले गेलेले दोन घटक इतिहासात एकमेकांच्या बाजूने उभे राहतीलच असे नाही, हे यावरून ध्यानात येते. एका स्त्रीने सही केलेल्या या धोरणाला चौदा वर्षांनी दुसऱ्या स्त्रीने घटनाबाह्य ठरविले. या दोन घटनांमधील फरक स्त्रीत्वाने स्पष्ट होत नाही. तो पदांच्या स्वरूपातील फरक आहे. प्रमुखाला बहुमताकडे पाहावे लागते, न्यायाधीशाला मजकुराकडे.

न्यायाधीशाचे हे पद चेरोकी राष्ट्रात त्या काळी किती नाजूक होते, हेही पाहावे लागेल. १९९७ मध्ये राष्ट्रप्रमुख जो बर्ड आणि न्यायाधिकरण यांच्यात तीव्र संघर्ष झाला. न्यायाधिकरणाच्या आदेशाने प्रमुखांच्या कचेरीची झडती घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांना बर्ड यांनी काढून टाकले, आणि परिषदेतील त्यांच्या समर्थकांनी न्यायाधीशांवर महाभियोग चालविला. त्या घडामोडींतूनच १९९९ मध्ये नवी घटना तयार करणारी सभा भरली. न्यायालयाने शासनाविरुद्ध निकाल दिला तर काय होऊ शकते, याची आठवण सर्वांना ताजी असताना लीड्स त्या पीठावर आल्या.

५

स्टेसी लीड्स मस्कोगी या ओक्लाहोमातील गावच्या. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात पदवी, तल्सा विद्यापीठात कायद्याचे शिक्षण आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यास असा त्यांचा प्रवास आहे. पुढे नॉर्थ डकोटा आणि कॅन्सस येथील विद्यापीठांत त्यांनी जमातींचा कायदा शिकविला. कॅन्सस येथे जमातींचा कायदा व शासन या विषयाच्या केंद्राच्या त्या संचालक होत्या. त्यांच्या आरंभीच्या लेखनाचा मुख्य विषय जमीन हा आहे. गेलेली भूमी राष्ट्रांना परत कशी मिळविता येईल, आणि आपल्या जमिनीविषयीचे निर्णय वॉशिंग्टनच्या संमतीवाचून त्यांना कसे घेता येतील, याचा शोध त्या घेत होत्या. म्हणजे लीड्स सार्वभौमत्वाच्या पक्षपाती होत्या. मुक्तजनांच्या बाजूचा त्यांचा निकाल सार्वभौमत्वाकडे संशयाने पाहणाऱ्या बाहेरच्या उदारमतवाद्याचा नव्हता, हे लक्षात न घेतल्यास त्या निकालाचे मर्म हाती लागत नाही.

२००२ मध्ये त्या न्यायिक अपील न्यायाधिकरणावर आल्या. हेच पीठ पुढे नव्या घटनेनुसार सर्वोच्च न्यायालय झाले. त्या वेळी राष्ट्रप्रमुख चॅड स्मिथ होते. याच न्यायाधिकरणाने २००१ मध्ये, लीड्स येण्यापूर्वी, बर्निस रिग्ज यांच्या खटल्यात मुक्तजनांच्या विरुद्ध निर्णय दिलेला होता. लूसी ॲलन यांच्या वतीने वकिलीची पदवी नसलेले डेव्हिड कॉर्नसिल्क हे चेरोकी नागरिक उभे राहिले. परक्या न्यायालयात बंद झालेला दरवाजा त्यांनी घरच्या न्यायालयात ठोठावला.

निकालपत्राची मांडणी साधी आहे. चेरोकी नागरिक कोण, हे ठरविण्याचा अंतिम अधिकार चेरोकी लोकांचा आहे, हे त्यात प्रथमच मान्य केले आहे. परंतु लोकांनी तो अधिकार १९७६ मध्ये वापरला आणि एक मजकूर स्वीकारला. त्या मजकुरात नागरिकत्व रक्तापुरते मर्यादित केलेले नाही. डॉझ नामावलीचा उल्लेख आहे, आणि मुक्तजन त्या नामावलीत आहेत. डेलावेअर व शॉनी लोकही करारांनी चेरोकी नागरिक झालेले आहेत. मग नागरिकत्व म्हणजे रक्त हे समीकरण राष्ट्राच्या इतिहासात कधीच पूर्ण नव्हते. परिषद घटनेपेक्षा मोठी नाही, त्यामुळे घटनेने न घातलेली अट तिला कायद्याने घालता येत नाही. लोकांना ही अट हवी असेल तर त्यांनी घटनादुरुस्ती करावी. पण एकाही माणसाचे असलेले नागरिकत्व जाणार असेल तर ते उघडपणे व्हावयास हवे, मौनातून नव्हे, असा या निकालपत्राचा आशय आहे. त्याने २००१ चा निर्णय रद्द ठरविला.

साहित्याभ्यासकांना या युक्तिवादातील वाचनपद्धती परिचित वाटेल. मजकुरातील मौनाचे दोन अर्थ होऊ शकतात. परिषदेच्या मते ते मौन सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीचे होते. चेरोकी म्हणजे रक्ताने चेरोकी हे सांगावयाची गरज कोठे होती? लीड्स यांच्या मते मौनाने कोणाला वगळता येत नाही. यासंदर्भात एक गोष्ट लक्षणीय आहे. याच घटनेने परिषदेच्या सदस्यत्वासाठी मात्र 'रक्ताने' हा शब्द स्पष्टपणे वापरलेला होता. घटनाकारांना तो शब्द ठाऊक होता आणि हवा तेथे त्यांनी तो लिहिला. नागरिकत्वाच्या कलमात त्याचा अभाव म्हणजे विस्मरण, असे म्हणणे म्हणूनच कठीण जाते. दुसऱ्या बाजूने, घटना स्वीकारणाऱ्या सामान्य मतदारांच्या मनात १९७६ साली मुक्तजन होते काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. लीड्स यांचे वाचन मनातील हेतूकडे जात नाही. ते लिहिलेल्या वचनाला प्रमाण मानते. ज्या राष्ट्राने दोन शतके दुसऱ्याला त्याच्या लिखित वचनांची आठवण करून दिली, त्याला स्वतःच्या बाबतीत वेगळा नियम लावता येणार नाही, ही जाणीव या वाचनामागे दिसते.

६

निकालानंतर सुमारे २,८०० मुक्तजन वंशजांची नागरिक म्हणून नोंद झाली. परंतु त्याच निकालपत्राने दाखविलेली वाट राष्ट्रप्रमुख स्मिथ यांनी धरली. ३ मार्च २००७ रोजी घटनादुरुस्तीवर विशेष मतदान झाले. सुमारे ८,७०० जणांनी मत दिले आणि त्यांपैकी सुमारे ७७ टक्क्यांनी नागरिकत्व 'रक्ताने' असलेल्यांपुरते ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. जे व्हावयाचे ते उघडपणे व्हावे, असे न्यायालयाने म्हटले होते. ते उघडपणे झाले.

येथे लीड्स यांच्या भूमिकेतील ताण पुरता उघड होतो. लोकेच्छेला अंतिम मानणारे निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायाधीशाला लोकेच्छेने उलट उत्तर दिले होते. न्यायाधीशपदाची त्यांची मुदत २००६ मध्ये संपली होती. २००७ च्या निवडणुकीत त्या स्वतः स्मिथ यांच्याविरुद्ध राष्ट्रप्रमुखपदासाठी उभ्या राहिल्या. राष्ट्राच्या जिल्हा न्यायालयाने मुक्तजनांचे नागरिकत्व तात्पुरते राखल्यामुळे त्या निवडणुकीत त्यांना मत देता आले. तरीही जून २००७ मध्ये स्मिथ सुमारे ५९ टक्के मते मिळवून विजयी झाले. साडेतीन महिन्यांपूर्वीचा ७७ टक्क्यांचा कौल ध्यानात घेता लीड्स यांना मिळालेली सुमारे ४१ टक्के मते कमी म्हणता येणार नाहीत. पण पराभव तो पराभवच.

त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाच्या प्रतिनिधी डायन वॉटसन यांनी, मुक्तजनांना हक्क मिळेपर्यंत चेरोकी राष्ट्राशी असलेले संबंध तोडावेत, असे विधेयक वॉशिंग्टनमध्ये मांडले. आता वादाला दुसरेच वळण लागले. मुक्तजनांचा पक्ष घेणे म्हणजे वॉशिंग्टनचा पक्ष घेणे, असे चित्र उभे करणे सोपे झाले. बाहेरच्या दडपणाने मिळणारा न्याय आणि आपल्याच न्यायालयाने दिलेला न्याय यांत काय अंतर असते, हे या वेळी स्पष्ट झाले. २००६ मध्ये दुसऱ्या प्रकारचा न्याय मिळालेला होता. राष्ट्राने तो स्वतःच्या हाताने घालविला होता.

७

पुढची चौदा वर्षे हा प्रश्न न्यायालयांतून फिरत राहिला. जानेवारी २०११ मध्ये राष्ट्राच्या जिल्हा न्यायालयाने घटनादुरुस्ती अवैध ठरविली. ऑगस्टमध्ये राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि मुक्तजन पुन्हा बाहेर पडले. संघराज्याच्या गृहनिर्माण खात्याने निधी रोखला. संघराज्याच्या न्यायालयातील तडजोडीने, त्या वर्षीच्या राष्ट्रप्रमुखपदाच्या फेरनिवडणुकीत मुक्तजनांना मत देण्याची मुभा मिळाली. त्या निवडणुकीत स्मिथ यांचा पराभव होऊन बिल जॉन बेकर निवडून आले.

३० ऑगस्ट २०१७ रोजी वॉशिंग्टन येथील संघराज्य जिल्हा न्यायालयात न्यायाधीश टॉमस होगन यांनी निकाल दिला. नागरिकत्व ठरविण्याचा राष्ट्राचा अधिकार त्यांनी नाकारला नाही. परंतु १८६६ च्या तहाने मुक्तजनांच्या वंशजांचा हक्क मूळच्या चेरोकींच्या हक्काशी बांधलेला आहे, म्हणून जे एकाला लागू होईल तेच दुसऱ्याला लागू झाले पाहिजे, असे त्यांनी म्हटले. राष्ट्राने अपील केले नाही. परक्या न्यायालयाचा हा निकाल राष्ट्राने पाळला, तरी घटनेच्या मजकुरात 'रक्ताने' हा शब्द तसाच राहिला होता.

तो काढला राष्ट्राच्याच सर्वोच्च न्यायालयाने. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी त्या न्यायालयाने घटनेतून व कायद्यांतून 'रक्ताने' हा शब्दप्रयोग वगळण्याचा आदेश दिला. २००७ च्या दुरुस्तीतील शब्द त्यात होता, तसा पदांच्या पात्रतेविषयीचाही होता. म्हणजे मुक्तजनांना मताबरोबर उमेदवारीचाही हक्क मिळाला. हे निकालपत्र न्यायाधीश शॉना बेकर यांनी लिहिले. मुक्तजनांचा हक्क त्यांच्या पूर्वजांच्या दास्यातून व विस्थापनातून आलेला जन्मसिद्ध हक्क आहे, अशी त्याची भूमिका आहे. १८२७ च्या घटनेने मत नाकारलेल्या स्त्रियांच्याच वारसदारांनी २००६ आणि २०२१ ही दोन्ही निकालपत्रे लिहिली. मे महिन्यात सुधारित घटनेला अंतर्गत व्यवहार मंत्री डेब हालंड यांनी मान्यता दिली.

दोन निकालपत्रांतील अंतरही नोंदविले पाहिजे. लीड्स यांचा आधार १९७५ ची घटना हा होता. बेकर यांचा १८६६ चा तह. पहिल्या भूमिकेत लोक दुरुस्ती करू शकतात. दुसऱ्या भूमिकेत काही वचने लोकांच्या बहुमताच्याही पलीकडे असतात. २००७ च्या मतदानानंतर पहिली भूमिका मुक्तजनांना पुरेशी पडली नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु दुसरी भूमिका चेरोकी न्यायालयाच्या तोंडून निघू शकली याचे श्रेय पहिलीला द्यावे लागते. हा प्रश्न राष्ट्राच्या स्वतःच्या कायद्याचा आहे, बाहेरच्यांनी लादलेला नाही, हे प्रस्थापित केले ते २००६ च्या निकालपत्राने.

८

निवडणुकीनंतर लीड्स पुन्हा अध्यापनाकडे वळल्या. २०११ मध्ये त्या आर्कान्सॉ विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या. अमेरिकेत हे पद मिळविणारी ती पहिलीच मूळनिवासी स्त्री होय. त्याच सुमारास संघराज्य शासनाने जमातींच्या विश्वस्त मालमत्तेच्या व्यवस्थेत सुधारणा सुचविण्यासाठी नेमलेल्या पाच जणांच्या आयोगावर त्यांनी काम केले. अन्य जमातींच्या न्यायालयांतही त्यांनी न्यायदान केले. पुढे त्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठात गेल्या आणि २०२३ मध्ये तेथील विधी महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या. जमीन, न्यायालय आणि नागरिकत्व हे त्यांच्या कामाचे तीन विषय वेगवेगळे भासतात, पण त्यांचा गाभा एकच आहे. राष्ट्र म्हणवून घेणाऱ्याने आपले निर्णय स्वतः घ्यावेत आणि त्या निर्णयांना स्वतः बांधील राहावे, हा तो गाभा होय.

चेरोकी राष्ट्राची नागरिकसंख्या आता साडेचार लाखांहून अधिक आहे. २०२० मध्ये संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकगर्ट खटल्यात मस्कोगी राष्ट्राचे राखीव क्षेत्र कधी संपुष्टात आलेच नव्हते असा निर्णय दिला. लवकरच तोच न्याय चेरोकी भूमीलाही लागू झाला, आणि १८९८ मध्ये बंद पडलेल्या चेरोकी न्यायालयांच्या कामाचा विस्तार अनेक पटींनी वाढला. गुन्हा करणारा व ज्याच्याविरुद्ध गुन्हा झाला तो कोण, यावर खटला कोठे चालावयाचा हे ठरते. या ठिकाणी जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. संघराज्याच्या फौजदारी कायद्यात 'इंडियन' कोण, याची कसोटी १८४६ च्या रॉजर्स खटल्यापासून चालत आली आहे, आणि तीत काही अंशी तरी इंडियन रक्त असणे आवश्यक मानले जाते. मुक्तजनांचा वंशज चेरोकी राष्ट्राचा पूर्ण नागरिक असूनही या कसोटीला उतरेलच असे नाही. चेरोकी राष्ट्राने आपल्या घटनेतून काढून टाकलेला शब्द संयुक्त संस्थानांच्या कायद्यात अद्याप उभा आहे. ज्या शासनाने हा शब्द प्रथम नामावलीत लिहिला, त्याच शासनाच्या कायद्यात तो शेवटी उरावा, याला लीड्स यांच्या निकालपत्राने आरंभ केलेल्या वाचनाची पुढची कसोटी म्हणावे लागेल.